घरी बनवलेली बेसची नेक दर पावसाळ्यात खरखरते? कानस हातात घेण्याआधी हे तपासा

मी पुण्यात राहतो आणि घराच्या गॅलरीत बेस गिटारच्या नेक (तारा ज्यावर दाबतात तो लांब दांडा) हाताने बनवतो. आजवर स्वतःच्या नऊ झाल्या. दुसऱ्यांनी घरी बनवलेल्या आणि बिघडल्या म्हणून माझ्याकडे आणलेल्या याहून बऱ्याच जास्त. त्यातल्या बहुतेकांची तक्रार एकच असते. उन्हाळ्यात बनवली तेव्हा सुरेख वाजत होती, जून संपता संपता तारा फ्रेटवर (नेकवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्यांवर) आपटून खरखरायला लागल्या. तारा उंच केल्या की खरखर थांबते, पण वाजवणं जड जातं. दिवाळीनंतर आपोआप थोडं बरं होतं आणि पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तेच.

गेल्या जुलैत आमच्या सोसायटीतला एक मुलगा त्याची पहिली नेक घेऊन आला. जुन्या सागवानाची, वरती शिसवीचा फ्रेटबोर्ड, म्हणजे फ्रेट बसवतात ती फळी, काम अगदी मन लावून केलेलं. "काका, पाचव्या फ्रेटपर्यंत सगळंच खरखरत होतं, म्हणून मी सहावा, सातवा आणि आठवा घासून घेतला. आता जास्तच खरखरतंय." मी मोजलं तर नेक मधोमध फुगली होती. ट्रस रॉड (नेकच्या आतली, तिचा बाक कमी-जास्त करणारी पोलादी सळई) पाव फेरा सैल केला, रात्रभर ठेवली, सकाळी जवळपास सरळ. पण घासलेले तीन फ्रेट आता शेजारच्यांपेक्षा खाली होते. ते काढून नवे बसवावे लागले. रॉडचा पाव फेरा फुकट होता, फ्रेटचं काम दोन रविवार खाऊन गेलं.

म्हणून ही पोस्ट. घरगुती नेकमधली खरखर बहुतेक वेळा लाकूड हलल्यामुळे येते, फ्रेट उंच झाल्यामुळे नाही. लाकूड परत आणता येतं, घासलेला धातू येत नाही.

लक्षणं

आधी प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर सावकाश वाजवा आणि कुठे खरखरते ते कागदावर लिहा. मी चार ओळी आणि वीस रकाने आखतो आणि जिथे खरखरतं तिथे फुली मारतो. फुल्यांचा आकार बघूनच अर्धं निदान होतं.

फुल्या पहिल्या पाच-सहा फ्रेटांवर दाटल्या असतील, तर नेक फुगीर झालेली असते, म्हणजे मधला भाग तारांकडे आलेला. बाराव्याच्या पुढेच फुल्या असतील, तर नेक फार खोलगट झालेली असते किंवा बॉडीला जोडलेल्या टोकाशी बोर्डाला उंचवटा आलेला असतो. फक्त मोकळी तार खरखरत असेल तर नटची (नेकच्या वरच्या टोकाशी तारा ज्यावर टेकतात त्या पट्टीची) खाच खोल गेली आहे. एकाच तारेवर एकाच जागी फुली असेल तर त्याच्या पुढचा फ्रेट उठला आहे. जाड तारेच्या बाजूला सगळीकडे खरखर आणि बारीक तारेच्या बाजूला काहीच नाही, किंवा उलट, असं असेल तर नेकला पीळ पडल्याची शंका घ्या. सगळीकडेच फुल्या असतील तर बहुधा बॉडीवरच्या ब्रिजच्या खोगिरी (तारा ज्यांवर टेकतात ते छोटे आधार) खाली गेल्या आहेत. त्या उचला आणि पुन्हा लिहा.

दोन गोष्टी या यादीत धरू नका. जीच्या, म्हणजे सगळ्यात बारीक, तारेवर पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या आसपास एखादा स्वर पटकन विझतो, खरखर मात्र नसते. तो बिघाड नाही. तिथे नेकची स्वतःची कंपनं त्या स्वराची ताकद ओढून घेतात, आणि बॉडीला नेक स्क्रूने जोडलेल्या बेसमध्ये हे सर्रास होतं. हेडस्टॉकला (तारा सुरात लावायच्या खुंट्या असलेल्या नेकच्या टोकाला) फडकं लावून छोटा शिकंजा आवळा आणि पुन्हा वाजवा. विझणारी जागा सरकली तर तेच कारण. तिथे काहीही घासू नका. दुसरी गोष्ट, एप्रिल-मेमध्ये फ्रेटची टोकं कडेला बोटांना टोचू लागतात. बोर्ड आडवा आकसतो, धातू आकसत नाही, एवढंच. टोकं बारीक कानशीने गोल करून घ्यावीत, पण त्याचा खरखरीशी संबंध नाही.

हे दर वर्षी का होतं

पुण्यात एप्रिल-मेच्या दुपारी हवेतली आर्द्रता २५-३० टक्क्यांवर येते आणि जुलै-ऑगस्टमध्ये ८० च्या वर राहते. लाकूड बराच काळ ३० टक्के आर्द्रतेत राहिलं तर त्यात साधारण ६ टक्के ओल उरते, ८५ टक्क्यांत राहिलं तर ती १८ च्या आसपास जाते. नेकला मागून पॉलिश असतं, फ्रेटबोर्डला बहुतेक वेळा नुसतं तेल. त्यामुळे दोन्ही बाजू सारख्या वेगाने ओल पीत नाहीत. मधे पोलादी रॉड असतो, तो तर फुगतच नाही. त्यात चार तारांचा मिळून साधारण ७५ किलोचा ताण. १९५१ मध्ये लिओ फेंडरने पहिला प्रिसिजन बेस ३४ इंची स्केलचा (नटपासून ब्रिजपर्यंतच्या तारेच्या लांबीचा) काढला, आज आपण बहुतेक जण तेच माप घेतो. गिटारच्या साडेपंचवीस इंचाच्या मानाने ही नेक बरीच लांब पडते, म्हणून थोडीशी हालचालही तारेखाली लगेच दिसते.

नेक खोलगट होणार की फुगीर, हे लाकडाच्या रेषेवर, गोंदावर आणि पॉलिशवर अवलंबून असतं. माझ्या दोन नेक एकाच फळीतून निघाल्या, आणि पावसाळ्यात एक इकडे जाते, एक तिकडे. म्हणून अंदाज नको, मोजायचंच.

फुकटच्या तपासण्या

तारा जुन्या असतील तर आधी नव्या लावा आणि नीट सुरात आणा. जुनी तार एका जागी झिजलेली असते आणि नेकचा दोष नसताना खरखरते. मग ट्यूनरचे स्क्रू, त्यांच्या पुढच्या चकत्या, ब्रिजचे स्क्रू हलतात का ते बोटाने बघा. एकदा मी दोन तास फ्रेट तपासले आणि आवाज निघाला ट्यूनरच्या सैल चकतीतून.

बोटाच्या पेराने नेकच्या पाठीवर ठकठक करा. आतून बारीक खुळखुळ आली तर रॉड खाचेत मोकळा आहे. टू-वे (नेक दोन्ही दिशांना वळवणाऱ्या) रॉडची खाच आपण ६ मिमी रुंद पाडतो, ती थोडी जरी सैल झाली तर ठराविक स्वरावर रॉड वाजतो आणि ती खरखर फ्रेटसारखीच ऐकू येते. रॉड जेमतेम घट्ट होईल एवढा फिरवला की बहुतेक वेळा थांबते. पुढची नेक बनवताना रॉडवर उष्णतेने आकसणारी प्लॅस्टिकची नळी चढवा, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मीटरवर मिळते.

मग चढवळ, म्हणजे तारांखाली नेकला असलेला किंचित खोलगट बाक, मोजायची. यावर वेळ घालवा, बाकी सगळं यावर ठरतं. तारा सुरात हव्यात. बेस मांडीवर, वाजवताना धरतो तसा धरा. टेबलावर पाठीवर झोपवला तर हेडस्टॉकचं वजन नेक मागे ओढतं आणि माप खोटं येतं. ईची, म्हणजे सगळ्यात जाड, तार पहिल्या फ्रेटवर दाबा (कॅपो, म्हणजे तारा दाबून धरणारा चिमटा, असेल तर लावा, हात मोकळा राहतो) आणि दुसऱ्या हाताने बॉडीला नेक मिळते तिथल्या फ्रेटवर. ताणलेली तार म्हणजे तुमची सरळ पट्टी. आता सातव्या-आठव्या फ्रेटच्या माथ्यावर आणि तारेच्या खाली किती फट आहे ते बघा. ०.२५ ते ०.४ मिमी हवी. साधं व्हिजिटिंग कार्ड ०.३ मिमीच्या जवळपास असतं. ते तार न हलवता आत सरकलं आणि हलकेच टेकलं तर ठीक. मी दुचाकीचे टॅपेट लावायला मेकॅनिक वापरतात तो फिलर गेज वापरतो. स्पेअर पार्टच्या दुकानात स्वस्तात मिळतो आणि मग 'थोडी फट', 'बरीच फट' अशी भाषा संपते. जीच्या तारेवरही हेच करा. दोन्ही बाजूंच्या मापात ०.१५ मिमीहून जास्त फरक असेल तर लिहून ठेवा, तो पिळाचा इशारा असू शकतो.

फट शून्य, तार सातव्या फ्रेटवर टेकलेली, म्हणजे नेक फुगीर. फट अर्धा मिमीच्या वर म्हणजे फार खोलगट.

ट्रस रॉड

खोलगट असेल तर रॉडच्या टोकाचा आवळायचा नट (तारांखालचा नट वेगळा) घड्याळाच्या काट्याच्या दिशेने आवळा, फुगीर असेल तर उलट. आवळण्याआधी तारा दोन-तीन सूर उतरवा, म्हणजे रॉडला ७५ किलोविरुद्ध झगडावं लागत नाही. एका वेळी पाव फेऱ्याच्या वर नाही. पुन्हा सुरात आणा, मोजा आणि रात्रभर सोडा. लाकूड लगेच ऐकत नाही, सकाळी माप आणखी थोडं सरकलेलं सापडतं. घाईने दोन फेरे मारून दुसऱ्या दिवशी उलट दिशेला गेलेली नेक मी एकाहून जास्त वेळा पाहिली आहे.

अॅलन की अगदी नेमक्या मापाची हवी. ४ मिमी, ५ मिमी आणि ३/१६ इंच हे तीन आकार मी जवळ ठेवतो. ५ मिमीच्या नटात ३/१६ ची की बसल्यासारखी वाटते, पण तिच्यातला किंचित ढिलेपणा नटाचे कोपरे खातो. कोपरे गेले की तो नट बाहेर काढणं घरच्या कामात बसत नाही.

घरच्या नेकमध्ये एक हिशेब आवळण्याआधी करावाच लागतो. पहिल्या फ्रेटपाशी नेकची एकूण जाडी २१ मिमी, त्यातला बोर्ड ६ मिमी, रॉडची खाच ९.५ मिमी. मग रॉडच्या खाली लाकूड उरतं ५.५ मिमी. पण पाठ गोल करताना रंधा जरा जास्त चालला आणि जाडी १८ वर आली, तर खाली अडीच मिमी उरतात, आणि आवळल्यावर रॉड तिथून लाकूड फोडून बाहेर येऊ शकतो. ३ मिमीपेक्षा कमी उरत असेल तर आवळू नका.

नट आणि खोगिरी

हे लवकर होतं. तार दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रेटच्या मधे दाबा आणि पहिल्या फ्रेटवर बघा. कागदाच्या जाडीएवढी फट दिसली पाहिजे. अजिबात नसेल तर खाच खोल गेली आहे. खाचेत चिमूटभर खायचा सोडा भरून त्यावर पातळ सुपर ग्लूचा एक थेंब टाका, घट्ट झाल्यावर बारीक कानशीने पुन्हा खाच पाडा. तात्पुरतं आहे, पण वर्ष-दोन वर्षं टिकतं. खोगिरी बाराव्या फ्रेटवर ईला २.५ मिमी आणि जीला २ मिमी अशा लावून सुरुवात करा. चढवळ बरोबर आल्याशिवाय मात्र खोगिरींना हात लावू नका, नाहीतर दोन्ही गोष्टी एकमेकींच्या मागे धावत राहतात.

जोड

नेक बॉडीला चार स्क्रूंनी धरलेली असेल तर ते आवळून बघा. मग तारा काढा आणि बोर्ड-नेकच्या जोडावर दाढीचं ब्लेड सपाट धरून नटच्या टोकापासून हलकेच फिरवा. ते कुठेही आत शिरलं तर बोर्ड सुटायला लागला आहे. सागवान आणि शिसव दोन्ही तेलकट. चिकटवण्याच्या अगदी आधी पृष्ठभाग अॅसिटोनने पुसला नाही तर गोंद लाकडाला धरण्याऐवजी तेलाला धरतो. नटच्या टोकाशी दोन-तीन सेंटिमीटर सुटलं असेल तर पातळ इपॉक्सी आत सोडून, रॉड सैल करून, शिकंज्यात एक दिवस ठेवा. त्याहून लांब सुटलं असेल तर घरी खटपट करू नका.

गोंदाबद्दल एक सांगायलाच हवं, कारण माझी पहिली नेक त्यातच गेली. पाण्यावरचा पांढरा गोंद वापरला होता. जोड पक्का झाला, पण त्यातलं पाणी बोर्डाच्या पोटात मुरलेलं होतं. दुसऱ्याच दिवशी मी बोर्ड रंधून एकदम सपाट केला, फ्रेट ठोकले आणि खूश झालो. पुढच्या दोन आठवड्यांत पाणी सुकत गेलं आणि नेक सरकत गेली. आता बोर्डासाठी मी इपॉक्सी वापरतो, त्यात पाणीच नाही. पांढराच गोंद वापरायचा असेल तर चिकटवल्यावर किमान दोन आठवडे बोर्डाला रंधा लावू नका.

फ्रेट

इथे आल्यावर पहिल्यांदा फ्रेटकडे बघायचं. स्टीलच्या पट्टीचा छोटा तुकडा घ्या, तीन फ्रेटांवर एकदम टेकेल एवढा, आणि कडेवर उभा धरून डुगडुगतो का बघा. डुगडुगला तर मधला फ्रेट वर आहे. तो लाकडी काठीने दाबा. दाबला की बसतो आणि सोडला की उठतो, तर तो घासायचा नसतो, बसवायचा असतो. दोन्ही बाजूंना मास्किंग टेप लावा, फ्रेटच्या कडेने पातळ सुपर ग्लू आत ओढू द्या आणि शिकंज्याने दाबून ठेवा. पावसाळ्यात उठलेल्या फ्रेटांपैकी बरेच असेच बसतात.

आता घरगुती नेकचा असा एक दोष जो दुकानातल्या नेकमध्ये क्वचित सापडतो. तारा काढा, रॉड असा ठेवा की तो कुठेच ओढत नाही, आणि पूर्ण लांबीची सरळ पट्टी फ्रेटांवर ठेवा. ती मधे टेकून दोन्ही टोकांना हलत असेल, म्हणजे ताण नसतानाही नेक फुगीर असेल, आणि रॉड सैल करूनही आटोक्यात येत नसेल, तर खाचा अरुंद आहेत. फ्रेटच्या पायाची जाडी साधारण अर्धा मिमी, खाच ०.५८ मिमीच्या आसपास हवी, म्हणजे पायाच्या कडेचे काटे लाकडात रुततात आणि पाया मोकळा राहतो. खाच ०.५ मिमीची झाली तर प्रत्येक फ्रेट पाचरीसारखा लाकूड पसरवतो. एकेका फ्रेटने ०.०२ मिमी जरी पसरवलं तरी वीस फ्रेटांचं ०.४ मिमी होतं, आणि ते सगळं नेकच्या वरच्याच बाजूला. बोर्डाचा वरचा पृष्ठभाग लांबला आणि पाठ तेवढीच राहिली, तर नेक मागे वळणारच. पावसाळ्यात लाकूड फुगून खाच आणखी आवळते, म्हणून हा दोष तेव्हा उघडा पडतो. हॅकसॉने पाडलेली खाच उलट १ मिमीच्या जवळ जाते आणि फ्रेट त्यात धरतच नाही. म्हणून फ्रेटची करवत वेगळी घ्या आणि आधी टाकाऊ लाकडावर एक खाच पाडून त्यात फ्रेट बसवून बघा.

यावर उपाय आहे, पण मेहनतीचा. फ्रेट सोल्डरिंग आयर्नने गरम करून, धार सपाट घासलेल्या पकडीने टोकाकडून हळूहळू उचलायचे, खाचा योग्य करवतीने मोकळ्या करायच्या, बोर्ड पुन्हा सरळ करायचा आणि फ्रेट परत बसवायचे. घाईत उचललात तर बोर्डाच्या चिपा निघतात. शिसवीची धूळ छातीला आणि कातडीला त्रास देते, मास्क लावा.

फ्रेट घासून सपाट करणं हे अगदी शेवटी. सगळे फ्रेट मार्करने रंगवा, सरळ लाकडी पट्टीला ३२० नंबरचा पॉलिश पेपर चिकटवून फिरवा, शाई सगळ्यांच्या माथ्यावरून जेमतेम जाईपर्यंतच. नवा फ्रेट १ ते १.३ मिमी उंच असतो. एखादा ०.७ च्या खाली जाणार असं दिसलं की थांबा, तो बदलायचा आहे. हे काम शक्यतो पावसाळ्यात करू नका. नेक ऑगस्टमध्ये सपाट केली तर ती ऑगस्टपुरतीच सपाट. नवी नेक मी एक अख्खा पावसाळा तारांच्या ताणाखाली ठेवतो आणि फ्रेट नोव्हेंबरमध्ये घासतो.

पीळ

दोन सारख्या, सरळ अॅल्युमिनियमच्या पट्ट्या घ्या. एक पहिल्या फ्रेटवर, एक शेवटच्यावर, दोन्ही आडव्या. एक डोळा मिटून पट्ट्यांच्या वरच्या कडा एका रेषेत येतात का बघा. टोकांपाशी किंचित फरक असेल तर फ्रेट घासताना निघून जातो. मिलिमीटरभर दिसत असेल तर रॉड काहीच करू शकत नाही, तो पुढे-मागेच ओढतो. पिळाचं कारण बहुतेक वेळा लाकडाच्या रेषा तिरक्या जाणं. भवानी पेठेच्या टिंबर मार्केटमध्ये जुन्या वाड्यांच्या तुळया आणि चौकटी मिळतात, त्यातलं सागवान चांगलं वाळलेलं असतं. पण तुकडा घेताना त्याच्या दोन्ही कडा बघा. रेषा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेली नसेल, मधेच कडेला बाहेर पडत असेल, तर तो तुकडा दुसऱ्या कामाला ठेवा. आणि रंधा लावण्याआधी लोहचुंबक फिरवा, जुने खिळे आत असतात.

कुठे थांबायचं

रॉडचा नट पाव फेराही हलत नसेल किंवा कर्रकन आवाज आला तर लगेच थांबा. नटाचे कोपरे गेले असतील, पाठीवर रॉडच्या रेषेत लाकूड उंचावलेलं दिसत असेल, हेडस्टॉक जिथे वळतो तिथे चीर दिसत असेल, पीळ मिलिमीटरच्या वर असेल किंवा बोर्ड बराच लांब सुटला असेल, तर गिटार दुरुस्त करणाऱ्या जाणत्या कारागिराकडे न्या. उष्णता देऊन नेक वाकवणं किंवा बोर्ड गरम करून काढणं घरी करू नका, त्यात इस्त्रीचे पाच अंश इकडे-तिकडे झाले की जोड आणि पॉलिश दोन्ही जातात. सितार-तानपुऱ्याच्या कारागिराकडेही लोक नेतात. २०२४ मध्ये मिरजेच्या सितार आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तिथल्या हातांबद्दल मला मनापासून आदर आहे. पण तानपुऱ्यात जवारी लावून तारेला मुद्दाम बोलतं करतात, इथे तार कुठेच टेकायला नको. म्हणून ट्रस रॉड आणि फ्रेट रोज हाताळणारा माणूसच शोधा.

जाताना कागदावर हे लिहून न्या: फुल्यांचा तक्ता, सातव्या फ्रेटवरची फट दोन्ही बाजूंची, रॉड आत्तापर्यंत कोणत्या दिशेला किती फिरवला, बोर्डाला कोणता गोंद लावला, आणि माप घेतलं त्या दिवशी पाऊस होता की ऊन.